हॉर्नचा फ्यूज

माझं बेळगावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि माझी जीभ तिखट आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहेत. बॉनेट उघडल्यावर आत कुणीतरी भलत्याच माणसानं हात घातलेला दिसला की माझं तोंड सुटलंच. "हे कुणी केलंय? आचाऱ्यानं?" असं मी विचारतो. गिऱ्हाईक ओशाळतं, हसतं आणि काम माझ्याकडंच टाकून जातं. तीस वर्षं हे असंच चाललंय. चूक शोधायची, ज्यानं केली त्याला चार शब्द ऐकवायचे आणि मग दुरुस्त करायची. चूक आपलीच निघाली तर काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. मीही शिकलो नाही.

आम्ही वडगावचे विणकर. आजोबा हातमागावर बसले, वडील यंत्रमागावर उभे राहिले. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्यातच रमला. मला त्या खडखडाटाचा लहानपणापासून वैताग. मी आयटीआय केलं आणि सूत सोडून वायर धरली. अण्णा मला चिडवायचा, "तू बी धागेच जोडतोस की रं. तुझे जरा जाड हायत, एवढंच."

अण्णाचं खरं कसब विणण्यात नव्हतं, सांधणीत होतं. मागावरचा ताणा, म्हणजे लांबीची उभी सुतं, संपत आला की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्या सुताला जोडावं लागतं. एकेक म्हणजे हजारो. गाठ मारून चालत नाही. गाठ फणीत अडकते आणि सूत तुटतं. दोन टोकं धरायची, बोटाला जराशी राख लावायची आणि अंगठ्यानं असा पीळ द्यायचा की एक वेळ सूत तुटेल, जोड सुटणार नाही. गल्लीत कुणाच्याही मागावर नवा ताणा चढला की अण्णाला बोलावणं यायचं. सकाळी बसला की दुपारपर्यंत मान वर नाही. आणि त्यानं जोडलेलं सूत सुटलं, अशी तक्रार मी तरी कधी ऐकली नाही. त्याला त्याचा लई अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण जेवायला बसला की आधी आपली बोटं बघायचा. वैनी हसायची, "बघा, आरती करा आता त्यांची."

पुढं मागांचे दिवस फिरले. अण्णानं दोन माग ठेवले, बाकीचे काढले आणि गावोगावच्या बाजारांत, जत्रांत स्वतःच साड्या विकायचं ठरवलं. कल्पना वैनीची. वैनीचं बोलणं असं गोड की बाई नुसती बघायला आली तरी साडी घेऊनच परत जायची. मराठी बाईशी मराठी, कन्नड बाईशी कन्नड. एका ठेकेदारानं प्रदर्शनासाठी बाहेरून बनवून आणलेला बंद ट्रेलर अण्णानं जुन्यात घेतला. एक बाजू वर उचलली की झालं दुकान तयार. ओढायला एक जुनी जीप. खानापूर, नंदगड, संकेश्वर, निपाणी, अशी त्यांची फिरती सुरू झाली.

ट्रेलर दुकानासमोर उभा राहिला तसा मी खाली वाकून बघितलं आणि उडालोच. चाकांत विजेवरचे ब्रेक होते! आमच्याकडं उसाच्या भरल्या ट्रॉल्या बिनब्रेकच्या पळतात, आणि ह्या एवढ्याशा ट्रेलरला दोन्ही चाकांत चुंबकाचे ब्रेक. फक्त ते चालवणारा कंट्रोलर जीपमध्ये नव्हता.

"असू दे की तसंच," अण्णा म्हणाला. "सगळं जग बिनब्रेकचं ओढतंय."

"जगाला घाल चुलीत," मी म्हणालो. "मागं एवढा माल. पुढं तू ब्रेक दाबलास की हे धूड तुझ्या पाठीवर येऊन बसंल. शेजारी वैनी असत्यात. कंट्रोलर बसल्याशिवाय ट्रेलर हलवायचा न्हाय."

हे मीच म्हणालो होतो. हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

कंट्रोलर म्हणजे ताटातल्या वाटीपेक्षा थोडा मोठा डबा. तो डॅशबोर्डखाली, गुडघ्याला लागणार नाही असा बसवायचा. त्याला चार वायरी. एक बॅटरीकडून करंट आणणारी, एक अर्थिंगची, एक ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचची आणि एक मागं ट्रेलरच्या चाकांकडं जाणारी. पाय पेडलवर पडला की डब्याला कळतं, आणि तो मागच्या चाकांना करंट सोडतो. किती जोरात धरायचं ते एका चकतीनं ठरवायचं. मी आडवा पडून काम करत होतो आणि अण्णा टॉर्च धरून शेजारी बसला होता. मी प्रत्येक जोडाला कथील वितळवून डाख देत होतो, तो बघत होता. "एवढं तापवायचं कशाला? नीट पिळलं की झालं," तो म्हणाला. मी म्हणालो, "अण्णा, तुझं सूत हलत न्हाय. हे दिवसभर हादरतंय." त्याला ते पटलेलं नव्हतं.

संध्याकाळी मोकळ्या मैदानात जीप पळवली आणि ब्रेक दाबला. ट्रेलर जागच्या जागी थांबला. धक्का नाही, काही नाही. अण्णा लहान पोरासारखा हसला. "आयला, मागचं बी ऐकतंय की रं!" वैनीनं जीपला आणि ट्रेलरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, मलाही खोबरं दिलं. मी तेव्हा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

आता जी गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही ती सांगतो. कंट्रोलरचा करंट थेट बॅटरीवरून घ्यायचा असतो. जाड वायर आणि त्याचा स्वतःचा मोठा फ्यूज, मध्ये दुसरं काही नाही. तो फ्यूज आणि त्याचा होल्डर माझ्याकडं त्या दिवशी नव्हता. आठवड्यात येईल, असं स्पेअर पार्टवाला म्हणाला. अण्णाला दुसऱ्या दिवशी नंदगडच्या बाजाराला जायचं होतं. मग मी करंट हॉर्नच्या फ्यूजवरून घेतला. तात्पुरता. तात्पुरतं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात टिकाऊ शब्द आहे. होल्डर आठवड्यानं आला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडला. अण्णाची गाडी दोनदा दुकानापुढून गेली, दोन्ही वेळा माझ्यापुढं दुसऱ्याची गाडी उघडी होती. मी हातानंच खूण केली, नंतर ये.

महिन्याभरानं ट्रेलरकडं जाणारी वायर दगडाला घासून तुटली. अण्णानं माझी वाट बघितली नाही. त्यानं दोन्ही टोकं सोलली, पिळून जोडली, वर कापडाची पट्टी गुंडाळली आणि गेला बाजाराला. परत आल्यावर गाडी मला कौतुकानं दाखवायला आणली. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, ह्यो काय ताणा वाटला व्हय तुला? राख लावलीस का न्हाय बोटाला?" सगळे हसले. अण्णाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "डाख देऊन देतो," मी म्हणालो, "रविवारी आण." रविवारी मी कुणाच्या तरी लग्नाला गेलो.

त्यानंतरच्या आठवड्यात ते दोघं निपाणीला निघाले. संकेश्वर ओलांडलं की तवंदीचा घाट लागतो आणि रस्ता निपाणीकडं उतरतो. त्या उतारावर जीप ट्रेलरसकट आडवी झाली. अण्णाला कपाळाला टाके पडले. वैनीचा खुबा मोडला.

फोन आला तेव्हा मी दुकान उघडंच टाकून स्कूटरवर निघालो. निपाणीच्या दवाखान्यात अण्णा बाहेर बाकावर बसला होता, डोक्याला पट्टी, सदऱ्यावर रक्त. वैनीला आत नेलं होतं. मी काय विचारायला पाहिजे होतं? लागलं काय, वैनी कशी आहे, पाणी प्यालास काय. मी विचारलं, "झालं समाधान? सांगितलंतं का न्हाय, पिळून जोडू नको म्हणून?"

 अण्णानं दोन्ही हात उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी मला म्हणाली, "अरं, आधी त्याला धर तरी." मला तिचाही राग आला.

तासाभरानं चहा घेताना अण्णा हळूहळू बोलायला लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. हा ब्रेक धरून उतरत होता आणि सारखा हॉर्न मारत होता. "मारता मारता हॉर्नच बंद पडला बघ," तो म्हणाला. "एकदम मुका. आणि तिथनं मागनं ढकलायला लागलं. मी दाबतोय, दाबतोय, ट्रेलर काय ऐकंना. मला तवाच कळलं, माझा जोड सुटला."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. जोड सुटल्यानं हॉर्न बंद पडत नाही. हॉर्न आणि ब्रेक एकाच वेळी गेले याचा अर्थ एकच. उतारभर ब्रेकचा करंट, त्यात हॉर्न, आणि दोन्हीचं ओझं त्या एका बारक्या फ्यूजवर. अण्णाला ते कळणं शक्य नव्हतं. त्या आख्ख्या दवाखान्यात ते कळणारा माणूस मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी जीप रस्त्याकडेला ओढून ठेवली होती तिथं मी एकटाच गेलो. फ्यूजचा डबा उघडला. हॉर्नचा फ्यूज जळून काळा पडला होता. मग ट्रेलरखाली गेलो. कापडाची पट्टी सोडली. अण्णाचा जोड होता तसा होता. मी पकडीत धरून ओढला. वायर पुढं तुटली, जोड सुटला नाही.

मी तो जोड तोडून घेतला. जळका फ्यूजही घेतला. दोन्ही वाटेतल्या गटारात टाकले आणि दवाखान्यात जाऊन अण्णाला सांगितलं, "बघून आलो. जोड सुटलाता."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मी तेव्हा स्वतःला काय काय समजावलं! तो आता आणखी चिडेल, वैनीच्या माहेरचे लोक जमलेत, उगाच तमाशा होईल, एकदा वैनी घरी आली की निवांत सांगू. खरं कारण एवढंच होतं की मी त्याला चारचौघांत बोललो होतो आणि आता ते शब्द मला गिळायचे नव्हते. दुकानाचं नावही मनात आलं, तेही लपवत नाही. आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

वैनी घरी आली. खुब्यात सळई, एक पाय थोडा आखूड, हातात काठी. बाजार बंद झाले. अण्णानं जीप विकली, ट्रेलर विकला, उरलेले दोन माग दुसऱ्याला चालवायला दिले, मला विचारलंसुद्धा नाही. वैनीचं पाणी तापवणं, काठी हातात देणं, संडासापर्यंत नेणं, सगळं तोच करायला लागला. मी दर रविवारी जायचो. पंखा दुरुस्त करून दे, मिक्सर बघ, दिव्याचं बटण बदल. त्या घरातली एकही वायर मी धड सोडली नाही. वैनी म्हणायची, "भाऊजी किती करत्यात आमचं!" ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

एकदा मी तिथं असतानाच पलीकडचा मागवाला आला. नवा ताणा चढवला होता, सांधणीला चल म्हणाला. अण्णा खाली बघत म्हणाला, "दुसरं कोण तरी बघ. माझ्या हाताचा भरवसा न्हाय आता."

"असं काय बोलतोस? तुझ्यासारखा पीळ..."

"माझ्या पिळानं हिचा पाय गेला," अण्णा म्हणाला. "तुझा ताणा कशाला वाया घालवू?"

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला, धाकटा भाऊ काहीतरी समजावेल म्हणून. मी मिक्सरचं झाकण फिरवत बसलो. तो गेला. पुढं बोलावणी येईनाशी झाली. मीही त्या घरात सूत हा शब्द काढेनासा झालो.

अशी तीन वर्षं गेली. तीन वर्षं! एका वाक्याला माणसाला किती वेळ लागतो?

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी वैनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. अण्णा दूध आणायला गेला होता. वैनी खुर्चीत बसून भाजी चिरत होती. म्हणाली, "भाऊजी, तुमचं एक ते ऐकत्यात. जरा सांगा त्यांना. माझ्या मनात काय न्हाय. पाय मोडायचाता, मोडला. मी शंभरदा सांगितलं, त्यांना पटत न्हाय. तुम्ही गाडीतले जाणकार. तुम्ही म्हणालात की ह्यात तुझी चूक न्हाय, तर पटंल. खोटं सांगायला लागलं तरी सांगा."

खोटं सांगायला लागलं तरी! मी तिथंच खाली बसलो. म्हणालो, "वैनी, खोटं मी तेव्हा सांगितलंय."

तिला सगळं सांगून होईपर्यंत अण्णा दारात येऊन उभा होता. किती ऐकलं होतं ते माहीत नाही. मग त्याच्याकडं बघून पहिल्यापासून सांगितलं. होल्डर, ड्रॉवर, हॉर्नचा फ्यूज, गटार, सगळं. त्यानं दुधाची पिशवी तशीच हातात धरली होती.

"म्हणजे माझा जोड सुटला नव्हता?"

"न्हाय अण्णा."

"तू बघितलास?"

"पकडीनं ओढला. वायर तुटली, जोड न्हाय सुटला."

"सुटला नव्हता," तो स्वतःशीच म्हणाला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसायला पाहिजे होती, मी गाल पुढं केलाच होता म्हणा ना. पण तो वैनीकडं वळला. त्याच्या तोंडावर असा आनंद की बघवेना. "ऐकलीस काय गं? सुटला नव्हता! पकडीनं ओढला तरी न्हाय!"

वैनी मात्र माझ्याकडं बघत होती. सुरी तिनं बाजूला सारली. "भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "तीन वर्सं ह्यो माणूस माझ्यासमोर मान वर करून जेवला न्हाय. तुम्ही दर रविवारी पंगतीला होता."  त्या दिवसापासून तिनं मला 'जेवून जा' म्हटलेलं नाही.

मी उठून निघालो. अण्णा दारापर्यंत आला, म्हणाला, "जाऊ दे रं. सांगितलंस न्हवं." त्याला खरंच राग आला नव्हता. तो घाईत होता. चपला घालून तो माझ्याबरोबरच बाहेर पडला आणि पलीकडच्या मागवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "काय रं, नवा ताणा कधी चढवतोस?" मी लांबून ऐकलं. त्याचा असा मोकळा आवाज तीन वर्षांत गल्लीत कुणी ऐकला नव्हता. मलाही वाटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या हातून एक काम तरी नीट झालं.

बुधवारी ताणा चढला. मी दुकान बंद ठेवून गेलो. अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मागासमोर बसला होता. वाटीत राख होती. त्यानं पहिलं सूत उचललं, जुन्याचं टोक धरलं, पीळ दिला. सुटलं. पुन्हा दिला. सुटलं. त्यानं चष्मा पुसला. राख जास्त झाली म्हणाला, बोटं पुसली, पुन्हा लावली. दहा सुतांतली चार राहिली, सहा सुटली. बोटं थरथरत होती आणि डोळ्यांना दोन सुतं वेगळी दिसत नव्हती. साठी ओलांडलेल्या माणसाची बोटं रोज कामात असली तरच कामाची राहतात. तीन वर्षं ती फक्त पाणी तापवत होती. मागवाला भला माणूस. तो म्हणाला, "होतंय, बस निवांत." अण्णा अकरा वाजेपर्यंत बसला. मग राखेची वाटी हळूच बाजूला ठेवून उठला, मागवाल्याला हात जोडले आणि बाहेर आला.

मी त्याच्या मागोमाग चालत होतो.  म्हणालो, "सवय मोडली, एवढंच. रोज जरा बसलास तर येईल." तो चालत राहिला. घराच्या पायरीशी थांबला, एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं चोळत. त्या सगळ्या प्रकरणात त्यानं मला दोष दिला तो तेवढाच, आणि तोही आवाज न चढवता.

"जरा आधी सांगायचंस रं," तो म्हणाला, आणि वैनीच्या आंघोळीचं पाणी तापवायला आत गेला.